साय धरेना

कॉव्हेंट्रीच्या बाहेर, मोटरवेला लागून एक इंडस्ट्रियल इस्टेट आहे, तिथल्या एका फॅक्टरीत मी काम करते. सुपरमार्केटच्या फ्रिजमध्ये तयार जेवणाचे डबे असतात ना, कोर्मा, लाझान्या, शेफर्ड्स पाय, ते तिथे बनतात. ते बनवण्याशी माझा काही संबंध नाही. ते बनवून झाल्यावर कढया, पाइप, फरशा धुतलेलं जे पाणी उरतं, ते माझ्या वाट्याला येतं. त्यात तेल असतं, लोणी असतं, मैद्याची खळ असते, टोमॅटोचा लाल रंग असतो. तसंच्या तसं ते गटारात सोडलं तर पाणी कंपनी आमचं तोंड बंद करेल, म्हणजे गटाराचं तोंड, आणि मग फॅक्टरीही बंद.

पुण्यात केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं तेव्हा असं काही डोक्यात नव्हतं. लग्न करून इकडे आले, मुलगी मोठी होईपर्यंत घरीच होते, मग एका शाळेच्या लॅबमध्ये बाटल्या धुतल्या, आणि चाळिशी उलटल्यावर ही नोकरी मिळाली. मला काम शिकवलं ते एका आयरिश म्हाताऱ्याने. तो तेव्हा म्हातारा नव्हता, पण मला वाटायचा. पहिल्या दिवशी त्याने मला, हे पाणी जिथे साफ होतं त्या हौदाच्या कठड्याशी अर्धा तास उभं केलं. नुसतं बघ, म्हणाला.

बघण्यासारखं होतं ते. तेल पाण्यावर आपोआप तरंगेल असं आपल्याला वाटतं, पण गरम पाणी आणि साबण यांनी त्याचे इतके बारीक कण होतात की ते पाण्यातच लटकत राहतात. म्हणून आधी पाण्यात ॲसिड सोडून त्याचा पीएच बेताचा, सहाच्या आसपास, करायचा. मग लोखंडाचं एक तपकिरी द्रावण घालायचं, म्हणजे कण एकमेकांना धरतात आणि त्यांचे कापसासारखे पुंजके होतात. आणि मग हवा. फिशटँकमध्ये बुडबुडते तशी नव्हे. एका बंद टाकीत दाबाखाली पाण्यात हवा विरघळवायची आणि ते पाणी हौदाच्या तळाशी सोडायचं. दाब सुटला की सगळं दुधाळ होतं. बुडबुडे इतके बारीक की एकेकटा दिसतच नाही. ते पुंजक्यांना चिकटतात आणि त्यांना घेऊन वर येतात. थोड्या वेळात वर जाड बदामी थर जमतो. कामावर त्याला सगळे फ्लोट म्हणतात. मी मनातल्या मनात साय म्हणते. वरून फळ्या सरकत येतात आणि ती साय ओढून बाजूच्या टाकीत ढकलतात. खालून निवळ पाणी बाहेर पडतं.

म्हाताऱ्याने मला आणखी एक गोष्ट शिकवली. पीएच मोजणारा जो प्रोब पाण्यात बुडवलेला असतो, पेनाएवढा, टोकाला काचेचा फुगा, त्याच्यावर तेल चढतं. तेल चढलं की तो आंधळा होतो. पाणी कसंही येवो, तो जुनाच आकडा दाखवत बसतो. आणि मशीन त्याच्यावर विश्वास ठेवून ॲसिड सोडतं किंवा सोडत नाही. म्हणून रोज सकाळी प्रोब बाहेर काढायचा, मऊ ब्रशने धुवायचा, हातातल्या मीटरने पाणी वेगळं मोजायचं, आणि दोन्ही आकडे शेजारीशेजारी वहीत लिहायचे. वीस मिनिटांचं काम. तो रिटायर झाल्यावर सहा वर्षं मी ते एकही दिवस न चुकता केलं.

मग बाबा आमच्याकडे राहायला आले.

बाबा म्हणजे माझे सासरे. सत्तरच्या दशकात ते मुंबईहून इथल्या हॉस्पिटलात नोकरीला आले आणि छातीचे डॉक्टर म्हणून तीसेक वर्षं काम करून निवृत्त झाले. सासूबाई गेल्यावर ते एकटे राहत होते. एकदा गॅस चालू ठेवून बाहेर गेले, एकदा स्वतःच्याच रस्त्यावर घर सापडेना. मेमरी क्लिनिकमधून पत्र आलं आणि आम्ही त्यांना आणलं. माझा नवरा ब्रॅकनेलला आयटीमध्ये आहे. सोमवारी पहाटे जातो, गुरुवारी रात्री येतो. मुलगी ब्रिस्टलला शिकते. त्यामुळे चार दिवस घरात बाबा आणि मी, आणि त्यांना बघायला सकाळी एक तास, दुपारी एक तास येणारी केअरर.

बाबांना राउंडची घाई असायची. पहाटे चार-साडेचारला उठून ते शर्ट घालायचे, टाय बांधायचे. बोटांना टाय बरोबर आठवायचा. मग खाली येऊन बंद दारापाशी उभे राहायचे. मी उठून त्यांना सांगायची, बाबा, आज सुट्टी आहे. ते म्हणायचे, "पेशंटना सुट्टी असते का?" मग मी चहा करायची. तो चहा होईपर्यंत माझी झोप संपलेली असायची. असं रोज. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. ते कधी चिडले नाहीत, कधी हात उगारला नाही. मला एवढंच सांगायचंय की सात महिने मी सलग झोपले नव्हते.

प्रोब धुवायचा कधी राहिला ते मला नक्की सांगता येणार नाही. एका सकाळी केअरर उशिरा आली आणि मी कामावर उशिरा पोचले. वही उघडली. आदल्या दिवशीचे आकडे होते सहा पॉइंट दोन आणि सहा पॉइंट दोन. स्क्रीनवरही सहा पॉइंट दोनच होतं. मी तेच दोन्ही रकान्यांत लिहिलं आणि म्हटलं, दुपारी धुऊ. दुपारी धुतला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. एकदा खोटं लिहिलं की दुसऱ्यांदा लिहिताना हात अडखळत नाही, हे मला तेव्हा कळलं. मग त्याचीही सवय झाली. वहीवर सही करायची, कॉफी घ्यायची, कठड्याला टेकून डोळे मिटायचे. फळ्यांचा आवाज एका लयीत येतो, त्यात उभ्याउभ्या डुलकी लागते.

तीन आठवड्यांनी साय धरेना. आधी थर पातळ झाला, मग तुटक तुटक. मग एका मंगळवारी पाहिलं तर वर नुसता पांढरा फेस आणि खालून बाहेर पडणारं पाणी ताकासारखं गढूळ. नेमका त्याच दिवशी पाणी कंपनीचा माणूस न सांगता नमुना घ्यायला आला. शुक्रवारी पत्र आलं: तेलाचं प्रमाण परवानगीपेक्षा जास्त, कारण कळवा, पुन्हा असं झालं तर पाणी सोडणं थांबवावं लागेल.

मॅनेजरने मीटिंग घेतली. ती तिशीतली इंग्लिश मुलगी, हुशार आणि सरळ, पण सांडपाण्यातलं तिला फारसं कळत नव्हतं आणि ते ती कबूलही करायची. टेबलाभोवती आम्ही पाचसहा जण होतो. माझ्या समोर साफसफाईच्या टीमची सुपरवायझर बसली होती. ती गुजराती, लहानपणी आईवडिलांबरोबर युगांडाहून आलेली, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. कॅन्टीनमध्ये आम्ही रोज एकत्र जेवायचो. हिंदी, इंग्लिश, थोडं गुजराती, सगळं मिसळून बोलायचो. बाबांचं सगळं तिला माहीत होतं. तिनेच मला वयस्कर लोकांसाठीच्या एका डे सेंटरचा पत्ता दिला होता. मी फोन केला नव्हता.

मॅनेजरने मला विचारलं की अलीकडे काही बदललंय का. माझ्या डोळ्यांसमोर वही आली. सहा पॉइंट दोन, सहा पॉइंट दोन, पानभर. मी समोर पाहिलं आणि म्हणाले, "महिन्याभरापूर्वी साबण बदललाय. नवीन साबण जोरदार आहे. त्याने तेल पाण्यातून सुटत नसेल."

हे अगदीच खोटं नव्हतं. साबण खरंच बदलला होता, आणि जोरदार साबणाने असं होऊ शकतं. म्हणूनच ते सगळ्यांना पटलं. समोर बसलेल्या माझ्या मैत्रिणीने सांगितलं की हा साबण वरून ठरवून आला होता, पण त्यासाठी भरायचा फॉर्म तिने भरला नव्हता. तो फॉर्म सांडपाणी विभागाकडे, म्हणजे माझ्याकडेच यायला हवा होता. मॅनेजरने ते लिहून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून साबण बंद झाला, आणि तिच्या टीमला नुसत्या धुण्याच्या सोड्याने आणि गरम पाण्याने हाताने घासून भांडी धुवायला लावली. चौकशी होईपर्यंत तिला सुपरवायझरच्या कामावरून काढून पॅकिंगच्या पट्ट्यावर उभं केलं. तिचा उजवा खांदा दुखरा आहे. तिथे आठ तास डबे उचलायचे असतात.

साबण बंद होऊनही साय धरली नाही. तेव्हा मॅनेजरने आयरिश म्हाताऱ्याला फोन करून एका दिवसासाठी बोलावलं.

तो काठी टेकत आला. आधी कठड्याशी उभा राहून बराच वेळ बघत राहिला, पूर्वीसारखाच. मग आम्ही लॅबमध्ये गेलो. त्याने टाकीतलं कच्चं पाणी बीकरमध्ये घेतलं, हातातल्या मीटरने मोजत मोजत ॲसिड घातलं, तपकिरी द्रावणाचे थेंब टाकले आणि ढवळलं. मिनिटाभरात पुंजके धरले, मोठे, सुरेख. तो म्हणाला की केमिकल ठीक आहेत, पाणी ठीक आहे, साबणाचा काही दोष नाही. मला ते त्याच्या आधी कळलं होतं. खरं तर ही एवढी परीक्षा मी स्वतः पहिल्याच दिवशी करायला हवी होती. मी केली नव्हती, कारण उत्तर काय येईल ते मला आतून माहीत होतं. प्रोबला तर मी हातही लावला नव्हता, तो धुतला असता तर स्क्रीनवरचा आकडा उडी मारताना सगळ्यांना दिसला असता.

आम्ही पुन्हा हौदाशी आलो. त्याने हातातला मीटर पाण्यात बुडवला. नऊच्या वर. वर स्क्रीनकडे पाहिलं. सहा पॉइंट दोन. त्याने प्रोब ओढून बाहेर काढला. काचेचा फुगा दिसतच नव्हता. त्याच्यावर मेणबत्तीच्या मेणासारखा पिवळट लेप बसला होता.

"हा शेवटचा कधी धुतलास?" त्याने विचारलं.

"आठवत नाही," मी म्हणाले.

तो वहीपाशी गेला. पान उलटलं, मागचं पान उलटलं, त्याच्या मागचं. मग वही मिटली. खिशातून रुमाल काढून त्याने हात पुसले आणि ब्रश मागितला. प्रोब आम्ही दोघांनी मिळून धुतला. तो धरत होता, मी घासत होते. परत बुडवला तसा आकडा हलायला लागला. सहा, सात, आठ, नऊ. ॲसिडचा पंप सुरू झाल्याचा आवाज आला. तासाभराने हौदावर पातळसर का होईना पण सलग थर यायला लागला होता.

मॅनेजरला त्याने सांगितलं की प्रोब जुना झालाय, दगा देतोय, नवीन मागवा. त्याला गाडीपर्यंत सोडायला मी गेले. सीटबेल्ट लावून झाल्यावर तो म्हणाला, "मी पाण्याबद्दल जे पाहिलं ते सांगितलं. वही तुझी आहे." मग दार ओढून घेतलं. रागावला होता का ते मला कळलं नाही. मी पार्किंगमध्ये तशीच उभी राहिले. पाऊस बारीक पडत होता. 

तो गुरुवार होता. नवरा रात्री आला, त्या दिवशी मी काही बोलले नाही. शनिवारी दुपारी बाबांची दाढी करून दिली. गालाला फेस लावलेला असताना त्यांनी मला इंग्लिशमध्ये विचारलं, "सिस्टर, आर यू ऑन डबल शिफ्ट?" मी हो म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि हनुवटी वर केली. नंतर स्वयंपाकघरात कुकर लावता लावता मी नवऱ्याला सगळं सांगितलं. वही, प्रोब, साबण, पॅकिंगच्या पट्ट्यावर उभी असलेली बाई.

तो इथेच जन्मला, इथेच वाढला. मराठी बोलतो, पण लिंगवचनाच्या चुका करतो आणि आम्ही त्याला हसतो. तेव्हा हसले नाही. तो म्हणाला की आता पाणी ठीक झालंय, म्हाताऱ्याने सांभाळून घेतलंय, मग कशाला उकरून काढायचं. मी म्हणाले, ती सोमवारीही तिथेच उभी असणार. त्याने कुकरखालचा गॅस बारीक केला. मग म्हणाला, "तू एवढी दमली आहे, मला दिसला नाही."

"तू नसतोस," मी म्हणाले. यात राग नव्हता. रागवायलाही अंगात काही लागतं.

तरी प्रोब सापडल्यावर तिची चौकशी आपोआप मिटेल, अशी एक आशा मला होतीच. तशी ती मिटली नव्हती. सोमवारी सकाळी काचेतून पाहिलं तर ती पॅकिंगवर होती, डाव्या हाताने डबे उचलत. सुपरवायझरची हिरवी टोपी जाऊन तिच्या डोक्यावर सगळ्यांसारखी पांढरी जाळी होती. फॉर्म भरला नव्हता, एवढा दोष तिच्या नावावर राहिलाच होता.

मी वही घेऊन मॅनेजरच्या ऑफिसात गेले. तिला म्हणाले की मला काहीतरी सांगायचंय आणि ते सांगताना कृपया मला थांबवू नका. पानं उघडून दाखवली. हे आकडे मी न मोजता लिहिले. महिनाभर प्रोब धुतला नाही. रात्री झोप होत नाही, दमलेली असते, पण ते निमित्त नाही. मीटिंगमध्ये साबणाचं नाव घेतलं तेव्हाही मला हे माहीत होतं.

तिने पानं एकेक करून शेवटपर्यंत उलटली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"तुम्ही दमला होतात, हे मला कुणी का सांगितलं नाही?" तिने विचारलं.

मी म्हणाले, सांगणारी मीच होते.

त्यानंतरचे दोन आठवडे मला घरी बसवलं. मग एचआरच्या एका खोलीत चौकशी झाली. पाणी कंपनीला खरं कारण कळवलं गेलं. मला शेवटची लेखी ताकीद मिळाली: पुन्हा असं झालं तर नोकरी जाईल. काढून टाकलं नाही, याचं एक कारण मी स्वतः येऊन सांगितलं हे असावं, आणि दुसरं, हे काम करायला दुसरं कुणी मिळत नाही. मैत्रिणीला तिची जागा परत दिली, माफीचं पत्र दिलं. खांद्यासाठी तिला फिजिओकडे जावं लागलं, ते आधीही चालू होतं, पण वाढलं.

मी परत रुजू झाले त्या दिवशी कॅन्टीनमध्ये तिच्या टेबलाशी गेले. माफी मागितली. घरून पाठ करून आले होते, त्यातलं निम्मं विसरले. तिने चमचा खाली ठेवला.

"चूक कुणाच्याही हातून होते," ती हिंदीत म्हणाली. "पण त्या दिवशी तू आधी माझ्याकडे पाहिलंस. पाहिलंस, आणि मग बोललीस."

 तिने पुन्हा जेवायला सुरुवात केली, म्हणून मी दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले. आता आम्ही कॉरिडॉरमध्ये भेटलो की ती मान हलवते, मीही हलवते. नवा साबण आणायचा झाला की फॉर्म माझ्या टेबलावर येतो, सगळे रकाने भरलेला, खाली तारीख आणि सही. एकत्र जेवत नाही. जेवू असंही मला आता वाटत नाही.

एचआरच्या बाईने घरची परिस्थिती विचारली होती. मी सांगितली. सांगताना ती अडचण मला फार मोठी वाटली नाही, कुणाकडेही असते तशी. पण तिने काही नंबर दिले, नवऱ्याने ते लावले. कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, एक बाई घरी येऊन दोन तास बसून गेली, तिने बाबांना आणि मला वेगवेगळे प्रश्न विचारले. बाबांना आठवड्यातून तीन दिवस डे सेंटर मिळालं. ते तिथे टाय लावून जातात आणि बाकीच्यांची विचारपूस करतात. तिथल्या लोकांची हरकत नाही. नवऱ्याने ऑफिसशी बोलून ब्रॅकनेलचे दोनच दिवस ठेवले. हे सगळं सात महिने आधी करता आलं असतं. का केलं नाही, याचा विचार मी पुष्कळदा करते. मला मदत हवी आहे असं म्हणायलाही थोडी शक्ती लागते, ती आधी संपते, एवढंच सुचतं.

व्यवस्था लागल्यावरच्या पहिल्या शनिवारी नवरा बाबांना घेऊन ब्रिस्टलला मुलीकडे एक रात्र राहायला गेला. मी त्यांना गाडीत बसवलं, बाबांचा पट्टा लावला, दार बंद करून आत आले. भांडी पडली होती. जरा टेकावं म्हणून सोफ्यावर बसले. उठले तेव्हा खिडकीत ऊन होतं आणि मला वाटलं, तासभर डोळा लागला असेल. फोन पाहिला तर रविवार सकाळ होती. नवऱ्याचे चार मिस्ड कॉल आणि मुलीचा मेसेज: आजोबांनी पास्ता आवडीने खाल्ला, तू कुठे आहेस? मी उत्तर लिहायला घेतलं, पण बोटं जड झाली होती. झोपले होते, एवढंच लिहिलं, आणि फोन पोटावर ठेवून पुन्हा डोळे मिटले.